दाढेचा खाडा

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या डोंगरपट्ट्यातल्या गावात डिसेंबरात दातांची पाहणी करायला गेलात, तर तुम्हाला म्हातारी माणसं भेटतील, त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं भेटतील आणि घरामागून घर कुलूपबंद दिसेल. दसरा-दिवाळी उरकली की मुकादमाच्या, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराच्या, गाड्या लागतात आणि जोडपीच्या जोडपी सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप बंद झालं, की मार्च-एप्रिलात परत. दंत महाविद्यालयांच्या पाहण्या मात्र बहुतेक हिवाळ्यातच निघतात. ऊन नसतं, परीक्षा लांब असतात, इंटर्न मोकळे असतात. ज्यांची तोंडं सगळ्यात जास्त बिघडलेली असणार, तीच माणसं मोजणीच्या दिवसांत गावात नसतात. सरासरी काढणाऱ्याला हे कळतही नाही, कारण कुलूप दिसलं की रकान्यात ‘अनुपस्थित’ एवढंच लिहायचं असतं.

मी सार्वजनिक दंतआरोग्य या विषयात एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी, केलं. आमच्या शाखेला कॉलेजात फारसा मान नाही. रूट कॅनॉल करणारी मंडळी ‘हे फॉर्म भरणारे’ म्हणून आमच्याकडे बघतात, आणि फॉर्म आम्ही भरतो हे खोटंही नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेचा मौखिक आरोग्यावरचा अहवाल आला. जगात सुमारे साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचा काही ना काही आजार आहे आणि त्यांतले चारांपैकी तीन जण मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, असं त्यात म्हटलं होतं. श्रीमंत देश सोडा, अगदी गरीब देशही नाहीत, मध्यमच का, असं मला बरेच जण विचारतात. एक तर जगाची बहुतेक लोकसंख्याच या देशांत आहे. दुसरं कारण आपल्या कुठल्याही वाडीवरच्या किराणा दुकानात उभं राहिलं की दिसतं. साखर, बिस्किटाचा पुडा आणि तंबाखूची पुडी तिथवर पोचली. दातांची खुर्ची शहरातच राहिली. देशात तीनशेच्या वर दंत महाविद्यालयं आहेत, बहुतेक खासगी. तिथून कर्ज काढून बाहेर पडलेला डॉक्टर दवाखाना टाकणार तो तालुक्याच्या बसस्टँडसमोर, नाहीतर पुण्यात. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, पण धारूर-वडवणीकडच्या वाडीतली बाई त्याच्यापर्यंत कशी पोचते, हे कुणीतरी बघायला हवं होतं. आमचा प्रकल्प तेवढ्यासाठीच होता.

परवानग्यांचं फार सांगत नाही. जिल्हा आरोग्य अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, ग्रामपंचायतीचा ठराव, एथिक्स कमिटी. त्यात दिवस जातात, एवढंच. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. संमतीपत्रक आम्ही नियमाप्रमाणे तयार केलं होतं, साध्या मराठीत, दोन पानी. सही करायची, सही येत नसेल तर अंगठा आणि शेजारी साक्षीदार. पावसाळ्याच्या तोंडावर गावातल्या समाजमंदिरात पहिली बैठक झाली तेव्हा ते वाचून दाखवलं. सगळ्याजणी ऐकून गप्प. मग मागून एक जण म्हणाली, “अंगठा कशाला? उचल द्यायलात का?”

हशा पिकला, पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. हंगामाआधी मुकादम जोडप्याला एकरकमी उचल देतो आणि कागदावर सही-अंगठा घेतो. कागदावर काय लिहिलंय हे पुष्कळांना माहीत नसतं, कधी तो कोराच असतो. त्या अंगठ्यानं बाई सहा महिने बांधली जाते. आमच्या कागदावर ‘तुम्ही केव्हाही माघार घेऊ शकता’ असं ठळक अक्षरात छापलेलं होतं. तिच्या अनुभवात अंगठा दिल्यावर माघार असा प्रकारच नव्हता. आम्ही कमिटीकडे परत गेलो आणि लेखी संमतीऐवजी साक्षीदारासमोर तोंडी संमती, तिचं ध्वनिमुद्रण आणि साक्षीदार गावातल्या बायांनी निवडलेली, अशी दुरुस्ती मागितली. कमिटीनं प्रश्न विचारले, उत्तरं मागवली, पण मान्य केलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याला जागा आहे. ती शोधून दाखवावी लागते.

त्याच बैठकीत दुसरा प्रश्न आला, तो जास्त बोचरा होता. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय राज्यभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, वर्तमानपत्रं भरून गेली. बैठकीत बसलेल्यांपैकी काहींच्या पोटावर ती खूण होती. एक मावशी शांतपणे म्हणाल्या, “पिशवी काढा म्हणून सांगणारे पण डॉक्टरच होते की. आता दाढा काढायला आलात?” याला उत्तर म्हणून आमच्याकडे वाक्य नव्हतं. आम्ही एवढंच सांगितलं की या पाहणीत कुणाचं काहीही काढायचं नाही, ज्याला दुखतंय त्याला ग्रामीण रुग्णालयात न्यायची सोय करू, आणि काय विचारायचं हे तुम्हीच ठरवायला बसा.

ते बसणं खरोखरच झालं. कागदोपत्री त्याला ‘समुदाय सल्लागार गट’ म्हणतात. त्यात गावच्या आशाताई होत्या, अजून कोयता धरणाऱ्या दोघी होत्या, गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे घरी राहिलेल्या त्याच मावशी होत्या, आणि बारावी झालेली एक मुलगी होती, जिनं पुढे आमच्या सगळ्या नोंदी घेतल्या. माझ्याबरोबर समाजशास्त्राचा एक सहकारी होता. दुपारी शेतातली खुरपणी आटपून बाया येत, चहा होई, आणि आमची प्रश्नावली एकेक करून सोलली जाई.

उदाहरणार्थ, सगळ्या पाहण्यांत असतो तो प्रश्न: ‘गेल्या बारा महिन्यांत दंतवैद्याकडे गेला होता का? नसल्यास का?’ पर्याय ठरलेले: भीती, खर्च, अंतर, गरज वाटली नाही. कोयतेवाल्या दोघींपैकी एकीनं लगेच विचारलं, “घरी असताना का हंगामात?” कारण ही दोन वेगळी वर्षं आहेत. आणि ‘खर्च’ या एका शब्दानं भागणार नाही म्हणून तिनं हिशोबच मांडला. जोडपं म्हणजे एक कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, काढून मोळी बांधायची, मग दोघांनी गाडी भरायची. बाईची दाढ ठणकली आणि ती कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, बसली की नवरा एकटा काही करू शकत नाही, म्हणजे कोयताच बंद. त्या दिवसाची मजुरी गेली ती गेलीच, वर मुकादमाचा खाडा. दिवसाला पाचशे-हजार रुपये दंड लागतो असं त्या सांगत होत्या. तालुक्याला जायचं भाडं वेगळं. डॉक्टरची फी त्यानंतर. आता रूट कॅनॉल म्हटलं की डॉक्टर तीनदा बोलावणार. तीनदा म्हणजे तीन खाडे. काढायला एकच लागतो.

“म्हणून दाढ काढून टाकतो आम्ही,” ती म्हणाली. “अडाणी आहोत म्हणून नव्हं.”

मी कॉलेजात शिकले होते की ग्रामीण रुग्ण दात वाचवण्यापेक्षा काढण्याला पसंती देतात, कारण जागरूकता कमी. त्या दुपारी मला ते वाक्य पाठ्यपुस्तकातून खोडावंसं वाटलं. आम्ही प्रश्न दोन भागांत तोडला, हंगामातला आणि घरचा, आणि त्याच्याखाली दोन नवे घातले: दाढ दुखली त्या दिवशी कामावर गेलात का, आणि नाही गेलात तर काय-काय गेलं.

उत्पन्नाच्या प्रश्नावर तर गाडी पार अडली. ग्रामीण पाहणीत आपल्याकडे बी. जी. प्रसाद यांची १९६१ ची वर्गवारी वापरतात. कुटुंबाचं महिन्याचं दरडोई उत्पन्न विचारायचं, महागाई निर्देशांकाप्रमाणे बदललेल्या पट्ट्यांत बसवायचं, वर्ग एक ते पाच. चांगली, सोपी पद्धत आहे, पगारदाराला तर अगदी फिट बसते. पण उचल हे उत्पन्न की कर्ज? ती सप्टेंबर-ऑक्टोबरात एकदम हातात येते, त्यातून आधीची देणी, पोरीचं लग्न, घराचा पत्रा भागतो, आणि मग सहा महिने अंगानं फेडायची असते. बारानं भागून जो आकडा येतो त्यात कुटुंब चांगलं मध्यम वर्गात जाऊन बसतं. मावशींनी सुचवलं, “एवढंच विचारा, पट्टा पडला तवा उचल फिटली का अंगावर राहिली?” प्रसाद पद्धत आम्ही ठेवली, कारण तुलनेला लागते, आणि मावशींचा प्रश्न शेजारी लावला. पुढे विश्लेषण करताना तोंडांतला फरक प्रसादच्या वर्गांपेक्षा या एका प्रश्नानं जास्त स्वच्छ दाखवला. लेख पाठवल्यावर एका परीक्षकानं हा प्रश्न ‘प्रमाणित नाही’ असा शेरा मारला. त्याचंही बरोबर आहे म्हणा, मावशींना कुणी प्रमाणित केलेलं नाही.

तपासणीचा भाग तसा नेहमीचा. जागतिक आरोग्य संघटनेची पाहणीची पुस्तिका आहे, तिची पाचवी आवृत्ती २०१३ ची. तिनं पाच, बारा, पंधरा, पस्तीस ते चव्वेचाळीस आणि पासष्ट ते चौऱ्याहत्तर अशी वयं ठरवून दिली आहेत. आपल्याकडे २००२-०३ मध्ये दंत परिषदेनं देशभर मोठी पाहणी केली होती, तिथेही हीच वयं होती. सामान थोडंच लागतं: तोंडात घालायचा साधा आरसा आणि टोकाला अर्ध्या मिलिमीटरची गोळी असलेला प्रोब, हिरडीची खोली मोजायला. प्लॅस्टिकची खुर्ची उजेडाकडे तोंड करून मांडायची, थेट ऊन टाळायचं, मागे उभं राहून डोकं टेकवून घ्यायचं. आधी आम्ही दोघी परीक्षकांनी कॉलेजात तीच माणसं पुन्हापुन्हा तपासून आमचं एकमेकींशी आणि स्वतःशी किती जुळतं ते काढलं. कॅपा नावाचा आकडा असतो त्यासाठी. खेड्यात खरा वेळ जातो तो निर्जंतुकीकरणात. वीज गेली की काम थांबू नये म्हणून आम्ही गॅसवर चालणारा, कुकरच्या घाटाचा ऑटोक्लेव्ह नेला होता. दिवसाला किती माणसं तपासायची हे संशोधक ठरवत नाही, आरशांचे किती संच आहेत ते ठरवतात.

आणि मग तोंडं. बायांच्या हिरड्यांवर मिश्रीची काळी कड. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून केलेली पूड. सकाळी बोटानं दातांना लावायची आणि तशीच धरून ठेवायची. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखूचं प्रमाण प्रौढांत २४.४ टक्के निघालं होतं, बायकांत १६.६. या गटात ते कितीतरी जास्त असणार हे डोळ्यांना दिसत होतं. मिश्री का, यावर गटातल्या बायांनी मला जे सांगितलं ते कुठल्याही जनजागृतीच्या फलकावर नसतं. पहाटे तीनला उठायचं, अंधारात चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, पोरं आवरायची. ब्रशला पाणी लागतं, उजेड लागतो, उभं राहायला दोन मिनिटं लागतात. मिश्री भाकरी थापता थापता तोंडात राहते, झोप उडवते, पोट साफ करते, भूक मारते, आणि दाढेचा ठणकाही थोडा बधिर करते. एवढी कामं करणारी दुसरी वस्तू दुकानात नाही. ‘मिश्री सोडा’ म्हणणाऱ्यानं या पाचांपैकी निदान दोन कामांची तरी सोय करायला हवी.

पुरुषांत तंबाखू-चुना आणि गुटखा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, हे वाक्य गावात उच्चारलं की लोक विनोद ऐकल्यासारखे बघतात. पंचविशीतल्या एका ट्रॅक्टरवाल्याला ‘आ’ करायला सांगितलं तर दोन बोटं जेमतेम गेली. तोंडाची आतली कातडी पांढरट, दोरीसारखी ताठ. हा सबम्युकस फायब्रोसिस, सुपारीचा आजार, आणि तो कर्करोगाच्या वाटेवरचा आहे. त्याला जिल्ह्याला पाठवलं. कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली तर ती सरकारी आरोग्य योजनेत बसते. किडलेल्या दाढेत वेळेवर सिमेंट भरणं बसत नाही.

दाढांच्या जागी मोकळ्या जागा तर पस्तिशीतच. आमचा मुख्य आकडा ‘डीएमएफ’: किडलेले, काढलेले आणि भरलेले दात यांची बेरीज. क्लाइन, पामर आणि नटसन यांनी १९३८ मध्ये मांडलेला, आणि आजही जगभर चालतो. त्यात एक मेख आहे. तालुक्याच्या गावातल्या शिक्षिकेच्या तोंडात चार दात भरलेले असले तर आकडा चार. ऊस तोडणाऱ्या बाईच्या चार दाढा काढलेल्या असल्या तरी आकडा चारच. एक जण भाकरी चावते, दुसरी चहात बुडवून खाते, आणि तक्त्यात दोघी एका ओळीत. याहून फसवा आकडा म्हणजे ‘उपचार न झालेली कीड’. तो खाली आला की अहवालात प्रगती म्हणून लिहितात. पण दाढ उपटली की तिच्यातली कीडही हिशोबातून जाते. आमच्या माहितीत काही वयोगटांत नेमकं हेच दिसत होतं. मोठ्या वयाच्या बायांत कीड कमी, कारण किडायला दाढाच फारशा उरल्या नव्हत्या. म्हणून आम्ही बेरीज छापली, पण प्रत्येक तक्त्यात तिन्ही अक्षरं वेगळी ठेवली. पानं वाढली, संपादकांनी कुरकुर केली.

हंगामात माणसांच्या मागे जाणं हा या सगळ्यातला अवघड भाग. गावातली जी जोडपी तपासली होती त्यांच्यातली काही सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या हद्दीत, डोकी सेंटरवर, म्हणजे मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरणाऱ्या टोळ्यांच्या तळावर, होती. कोप्या एका मोकळ्या रानात, पाणी कॅनॉलवरून, वीज नाही. बाया फडातून, म्हणजे तोडीच्या उसाच्या शेतातून, परत येणार दिवस कलल्यावर, आल्या की चूल, आणि मध्येच ट्रक आला की पुन्हा मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायला. दिवसाच्या उजेडात तपासायची आमची पद्धत तिथे चालण्यासारखी नव्हती. डोक्याला बॅटरी बांधून तपासलं, आणि ते तसं तपासलं हे लिहून ठेवलं.

पहिल्याच संध्याकाळी मुकादम आला. माणूस बोलायला गोड. म्हणाला, “मॅडम, तुम्ही कशाला फिरता कोप्या-कोप्यांतून? सांगा, सगळ्यांना लायनीत बसवतो.” त्यानं बसवलंही असतं. पण मुकादमानं बसवलेल्या रांगेतली संमती ही संमती नसते. त्याला नको म्हणायचं आणि दुखवायचंही नाही, कारण उद्या त्याच्याच माणसांशी बोलायचंय, ही कसरत कुठल्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. शेवटी आमची बारावीवाली मुलगी पुढे झाली. तिचे चुलता-चुलती त्याच टोळीत होते. तिनं चुलतीच्या कोपीत चूल पेटवली, बाया आपसूक जमल्या, आणि ज्यांना दाखवायचं होतं त्यांनी दाखवलं.

गटानं आणखी एक गोष्ट सुचवली होती, फोटोंची. बायांकडे नाही तरी त्यांच्या पोरांकडे फोन असतात. तोंड कुणाचंही दिसू द्यायचं नाही, फक्त दातांशी ज्याचा संबंध वाटेल त्याचा फोटो काढायचा. मला वाटलं होतं ब्रश येतील, मिश्रीचे डबे येतील. ते आलेच. पण सगळ्यात जास्त आल्या गोळ्यांच्या पट्ट्या. दुखण्याच्या गोळ्या, मेडिकलवरून मूठभर आणलेल्या, कोपीच्या कुडात खोचलेल्या. कमरेला, डोक्याला, दाढेला एकच गोळी. कुणी भुईरिंगणीच्या बियांचा फोटो काढला. त्यांची धुरी तोंडात घेतली की दाढेतले किडे पडतात, असं अजून मानतात. मी त्या बाईला धुरीबद्दल काही बोलले नाही. धुरीला खाडा पडत नाही.

पोरांचं तर कुणाच्याच यादीत नाव नव्हतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला, चांगला कार्यक्रम आहे, त्यात दातही बघायचे असतात. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. ज्या शाळेच्या हजेरीवर पोराचं नाव, तिथे हंगामात पोरगं नाही. जिथे पोरगं आहे, तिथल्या हजेरीवर नाव नाही. कोपीतल्या पाच वर्षांच्या मुलीच्या वरच्या चारही पुढच्या दुधाच्या दातांचे नुसते खुंट राहिले होते. ऊस खातात पोरं म्हणून दात किडतात, असं तिथला एक कर्मचारी मला ठासून सांगत होता. ऊस ती खातातच. पण दिवसभर फडाच्या कडेला, धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेल्या पोराच्या हातात आई पहाटे काय देऊन जाते? बिस्किटाचा पुडा. तो टिकतो, सांडत नाही, आणि भावंड रडलं की लगेच गप्प करतो.

तपासून, लिहून निघून यायचं हे गटाला पहिल्यापासून मान्य नव्हतं, आणि मलाही. पावसाळ्यात गावात आम्ही वीज-ड्रिल नसतानाही करता येणारे उपचार केले. हातानं कीड खरवडून काढून ग्लास आयोनोमर सिमेंट भरायची पद्धत ऐंशीच्या दशकात टांझानियात सुरू झाली, ती अशाच ठिकाणांसाठी. लहान मुलांच्या दाढांना सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावलं. एक थेंब, बहुतेक वेळा कीड थांबते, सुई नाही, रडारड नाही. हे सिमेंट आणि हे औषध दोन्ही २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. पण या फ्लोराइडनं किडलेला भाग कोळशासारखा काळा होतो. आयांनी ऐकून घेतलं आणि एकमतानं ठरवलं: दाढांना लावा, पुढच्या दातांना नको. मुलीच्या बाबतीत तर मुळीच नको. दुधाचे दात पडणारच आहेत, असं मी म्हटलं. “पडेस्तोवर शाळेत काळी म्हणून चिडवतील त्याचं काय,” असं उत्तर आलं. पुढचे दात सोडले.

पुढल्या पावसाळ्यात निष्कर्ष गावात मांडले. स्लाइड नाहीत, पडदा नाही. बारावीवाल्या मुलीनं समाजमंदिराच्या फरशीवर खडूनं चौकटी आखल्या आणि चिंचोके ठेवले: उचल फिटलेल्यांच्या तोंडातल्या गेलेल्या दाढा इकडे, न फिटलेल्यांच्या तिकडे. दुसऱ्या चौकटीतला ढीग बघून पुरुषही पुढे सरकले. वाद झाला, चांगला तासभर. एक जण म्हणाला, ज्यांची फिटत नाही ते व्यसनीच असतात. त्यावर मावशी म्हणाल्या, “आधी बायको आजारी पडली, मग खाडे पडले, मग उचल राहिली, मग तुझी पुडी वाढली. कुठून मोजतोस?” संशोधनाच्या भाषेत हाच प्रश्न कार्यकारणाचा, आणि आमच्यासारख्या एकावेळच्या पाहणीला त्याचं उत्तर देता येत नाही. लेखाच्या मर्यादांच्या परिच्छेदात मी ते लिहिलं, जरा सभ्य भाषेत.

यातून हाती काय आलं? ग्रामीण रुग्णालयातल्या दंतशल्यचिकित्सकांनी ऑगस्ट-सप्टेंबरात आठवड्याचा एक वार या गावांसाठी धरून ठेवायला होकार दिला. हंगामाआधी गावात जी आरोग्य तपासणी आम्ही पाहिली तिच्यात रक्तदाब, हिमोग्लोबिन होतं, तोंड नव्हतं. आशाताईंनी आपल्या वहीत तोंडाचा रकाना स्वतःच आखला. तीस वर्षांवरच्यांच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणी त्यांच्या कामात आधीपासून आहेच, त्याला त्यांनी दाढा जोडल्या. ब्राझीलनं २००० च्या दशकात कुटुंब आरोग्य पथकांच्या शेजारीच दंतपथकं बसवली. तोही आपल्यासारखाच मध्यम उत्पन्नाचा देश. आपला राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ चा आहे आणि आमच्या भागात तो ग्रामीण रुग्णालयाच्या पायरीपर्यंत आला आहे. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तिथून फड, एवढं अंतर अजून आहे.

एका बाबतीत गटाचं आणि माझं आजही पटलेलं नाही. माझं म्हणणं, हंगामाआधी दाढा भरून द्याव्यात. त्यांचं म्हणणं, काढून द्याव्यात. “भरलेलं सिमेंट माघ महिन्यात फडात पडलं तर? काढलेली दाढ पुन्हा ठणकत नाही.” हातानं भरलेलं सिमेंट दोन-तीन वर्षं सहज टिकतं हे मी शाळांतल्या अभ्यासांवरून सांगू शकते, पण त्या अभ्यासांतली मुलं डोक्यावर मोळ्या वाहत नव्हती आणि त्या दाढांवर रोज तंबाखू नव्हती. म्हणून पुढचं काम त्यांनीच ठरवलं आहे: सप्टेंबरात भरलेल्या दाढा पट्टा पडेपर्यंत किती टिकतात ते बघायचं, आणि मधल्या काळात दाढेपायी किती खाडे पडले तेही मोजायचं. भरायच्या कुणाच्या आणि किती, हे गट ठरवणार. प्रस्ताव कमिटीकडे गेलाय. त्यांचं पहिलं शंकापत्र आलं आहे. सहभागींचा पाठपुरावा नेमका कोणत्या पत्त्यावर करणार, असं विचारलंय.